झाकण उघडा, मग प्लंबरला फोन करा

रात्री साडेअकराला दार वाजलं. आम्ही सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या फ्लॅटमध्ये इंजिनिअरिंगची पोरं भाड्याने राहतात, त्यातला एक दारात उभा. "काकू, फ्लशचं पाणी थांबतच नाहीये. सकाळपासून सुरू आहे. प्लंबर म्हणतोय परवा येतो." मी विचारलं, "टाकीचं झाकण उघडून बघितलंस का?" पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याला गटारात उतर म्हणाले.

पहिल्यांदा हात लावणाऱ्याचं घोडं इथंच अडतं, म्हणून आधी हेच सांगते. कमोडच्या मागच्या टाकीत असतं ते स्वच्छ पाणी, बेसिनच्या नळाला येतं तेच. घाण जी काय असते ती खालच्या भांड्यात, टाकीत तिचा काही संबंध नाही. तेव्हा बाह्या वर करून बिनधास्त हात घाला.

दुसरी गोष्ट, हे दुखणं बहुतेक वेळा फार साधं असतं. आमच्याकडे पहिल्यांदा असं झालं तेव्हा आलेल्या प्लंबरने टाकीकडे एक नजर टाकली आणि "आख्खी टाकी बदलायला लागेल" असं सांगून गेला. दिवाळीचे दिवस, आठ दिवस तो परत फिरकलाच नाही. त्या आठ दिवसांत मीच झाकण उघडून बसले. शेवटी निघालं काय, तर रबराची एक चकती. तिची किंमत प्लंबरच्या एका खेपेच्या पैशाच्या पासंगालाही पुरणार नाही. तेव्हापासून आमच्या जिन्यात कुणाचीही टाकी वाहायला लागली की बोलावणं मला येतं.

आत काय असतं

टाकीत कामाच्या वस्तू दोनच. एका बाजूला पाणी आत घेणारा वॉल्व्ह आणि त्याला जोडलेला फ्लोट. जुन्या टाकीत पितळी दांडीच्या टोकाला प्लास्टिकचा गोळा असतो, तो बॉल कॉक. नव्या टाकीत तोच फ्लोट छोट्या डब्यासारखा असतो आणि वॉल्व्हच्या अंगालाच वर-खाली सरकतो. पाणी चढलं की फ्लोट चढतो, ठरलेल्या उंचीला आला की पाणी बंद करतो.

दुसरी वस्तू मधोमध उभा असलेला जाड मनोरा, म्हणजे फ्लश वॉल्व्ह. बटण दाबलं की हा उचलला जातो आणि टाकीतलं पाणी धाडकन खाली जातं. टाकी रिकामी झाली की तो परत खाली बसतो. त्याच्या बुडाशी रबराची चकती असते, तिला सील म्हणतात. आपल्याकडचे जुने मिस्त्री वायसरच म्हणतात. वरच्या पाण्याच्या वजनाने ही चकती भोकावर दाबून बसते, पाणी अडतं ते तिच्यामुळे. हाच मनोरा आतून पोकळ असतो, आणि फ्लोट बिघडून पाणी जास्त चढलं तर त्याच्या वरच्या तोंडातून ते कमोडमध्ये उतरतं. हा ओव्हरफ्लो. तो आहे म्हणून बाथरूमभर तळं होत नाही, पण त्याच्यामुळेच पाणी वाया चाललंय हे महिनोन्‌महिने कळतही नाही.

म्हणजे पाणी सतत वाहत असेल तर ते दोनच वाटांनी जाऊ शकतं, वरून ओव्हरफ्लोतून किंवा खालून सीलखालून. कुठल्या वाटेने जातंय हे कळण्याआधी बाजारात जाऊ नका. घाईघाईने आख्खा सेट आणून बसवणारे आणि तरी पाणी गळतच राहणारे लोक मी बघितलेत.

वरून की खालून

आधी भिंतीतून टाकीकडे येणारा पांढरा किंवा स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाईप शोधा. तो जिथं भिंतीला भेटतो तिथं अँगल कॉक असतो. तो बंद होतो का ते बघून ठेवा, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसला तर क्षाराने जाम झालेला असतो. जोर लावू नका, भिंतीतच तुटला तर रात्रभर पाण्याशी कुस्ती. अशा वेळी टेरेसवरून तुमच्या फ्लॅटला येणारा वॉल्व्ह बंद करायचा.

मग झाकण. प्लास्टिकच्या टाकीचं झाकण कडेच्या खाचांत अडकवलेलं असतं, हलकेच वर दाबलं की सुटतं. चिनी मातीच्या टाकीला मधे बटण असेल तर बटणाभोवतीची कडी डावीकडे फिरवून काढावी लागते, मगच झाकण निघतं. हे झाकण जड असतं. जमिनीवर जुना टॉवेल पसरून त्यावर आडवं ठेवा. कमोडच्या कडेवर "जरा वेळच" म्हणून ठेवलेली झाकणं घसरून फुटतात, आणि जुन्या मॉडेलचं नुसतं झाकण मिळता मिळत नाही.

आता पाणी कुठवर आहे ते बघा. सांगलीकराला पातळी बघायला शिकवायला नको. पावसाळ्यात आपण आयर्विन पुलाचे आकडे ऐकतच झोपतो, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. टाकीतही तसंच. ओव्हरफ्लोच्या नळीचं तोंड म्हणजे धोक्याची खूण. पाणी त्याच्या खाली साधारण एक इंच थांबायला हवं. पाणी तोंडाला टेकून आत सांडत असेल तर वरचा बिघाड, वॉल्व्ह आणि फ्लोट बघा. पाणी नीट इंचभर खाली आहे आणि तरी भांड्यात ओघळ दिसतोय, तर खालचा बिघाड, सील बघा.

ओघळ इतका बारीक असतो की कधीकधी डोळ्याला दिसत नाही. मग भांड्याची मागची आतली बाजू फडक्याने कोरडी करा आणि वर्तमानपत्राचा तुकडा तिथं चिकटवा. पाच मिनिटांत भिजला तर गळती आहे.

आणखी पक्की खात्री करायची तर निळीची परीक्षा. अँगल कॉक बंद करा, पाणी ओव्हरफ्लोच्या खाली आहे याची खात्री करा आणि टाकीत कपड्यांना घालतो ती पातळ नीळ चमचाभर ओता. वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळा रंग उतरला तर सील गळतंय, यात शंकाच नको. कॉक बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर रंग वरून आला की खालून हे कसं कळणार? हळदीचं गाव म्हणून हळद टाकायचं एकाने सुचवलं होतं. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी जाऊन सीलच्या कडेलाच बसते, वर टाकी पिवळी. नीळच बरी.

कॉक बंद ठेवून पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारा आणि अर्ध्या तासाने परत बघा, म्हणजे किती पाणी जातंय तेही कळतं. त्या पोरांच्या टाकीत पाणी अर्ध्या तासात दोन सेंटिमीटर उतरलं होतं. टाकी आतून ३५ बाय १५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक लिटर. दिवसाचे ४८ लिटर. सहा लिटरचा फ्लश धरला तर कुणी संडासला न जाता दिवसात आठ फ्लश झाले! महिन्याचं पाणी जवळजवळ दीड हजार लिटर. पोराने हा हिशेब मोबाईलवर दोनदा करून बघितला.

याच वेळी आणखी एक लक्षात ठेवा. पातळी उतरत उतरत मधेच कुठे तरी थांबली, तर सील चांगलं आहे आणि त्या उंचीला ओव्हरफ्लोच्या नळीला चीर गेली आहे. तळापर्यंत उतरत गेली तर मात्र सील.

पाणी वरून जात असेल

फ्लोट हाताने वर उचलून धरा. पाण्याची धार थांबली म्हणजे वॉल्व्ह ठणठणीत आहे, फ्लोट फक्त फार उंच लावलाय. नव्या पद्धतीच्या फ्लोटला प्लास्टिकची उभी दांडी किंवा स्क्रू असतो, तो फिरवून किंवा चिमटा सरकवून फ्लोट अर्धा इंच खाली घ्या. जुन्या बॉल कॉकची पितळी दांडी दोन्ही हातांनी धरून गोळ्याकडची बाजू जरा खाली वाकवा. जरा म्हणजे जराच. फ्लश करा, टाकी भरू द्या, पातळी बघा, पुन्हा थोडं. आणि गोळा हलवून बघा. आत पाणी खुळखुळलं तर तो फुटलाय, पाण्यावर तरंगणारच नाही, नवा घ्या.

फ्लोट वर धरूनही पाणी येतच राहिलं तर वॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा आतला रबरी पडदा गेलाय. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ होतं, किंवा सोसायटीने टेरेसची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी हमखास हे होतं. गाळाचा एक कण पडद्याखाली बसला की पुरतो.

अँगल कॉक बंद करा. हे वाक्य परत वाचा. मी एकदा विसरले होते. वॉल्व्हची टोपी काढली आणि पाण्याचा फवारा थेट छताला. आमचे हे बाहेरून विचारतात, "काय गं, आंघोळ करतेयस का?" कॉक बंद केल्यावर एकदा फ्लश करून टाकी रिकामी करा, मोबाईलवर आतला फोटो काढून ठेवा, कारण परत बसवताना कुठली बाजू वर होती ते आठवत नाही. आता वॉल्व्हची टोपी एका हाताने खालचा भाग धरून डावीकडे पाव फेरा फिरवा, सुटते. आत रुपयाच्या नाण्याएवढा रबराचा पडदा असतो, मधे बारीक भोक किंवा पिन. तो काढा, अंगठ्याने चोळा, उजेडात धरून बघा. चिरलेला, कडक झालेला असेल तर बदला. नुसता चिकट असेल तर धुऊन चालतो.

पडदा बाहेर असतानाच उघड्या वॉल्व्हवर स्टीलचा पेला उपडा घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने अँगल कॉक अगदी थोडा, दोन-तीन सेकंद उघडा. पाइपात अडकलेली रेती त्या धारेबरोबर टाकीत पडते. पेला नसेल तर तीच आंघोळ. मग कॉक बंद, पडदा जागेवर, टोपी परत. टाकी भरायला फार वेळ लागत असेल तर कनेक्शन पाईप जिथं वॉल्व्हला जोडतो तिथली बारीक जाळी बघा, तीही गाळाने भरलेली असते.

टाकी हळू भरते म्हणजे बिघाडच, हा गैरसमज इथंच काढून टाकते. टेरेसच्या टाकीला लागून असलेल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर पाण्याला दाब फार कमी असतो. १० मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, आणि सगळ्यात वरच्या फ्लॅटला तर जेमतेम दोन-तीन मीटरच उंची मिळते. तिथं टाकी हळू भरते आणि शेवटची दोन मिनिटं "सर्र" असा बारीक आवाज येत राहतो. तो आवाज थांबला तर बिघाड नाही. घड्याळ लावून बघा.

पाणी खालून जात असेल

आमच्या भागात जास्त दिसतं ते हेच. त्याचं कारण बोअर. अपार्टमेंटला महापालिकेचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात टेरेसच्या टाकीत बोअरचं पाणी सोडावंच लागतं. या पट्ट्यात क्षारपड जमिनी बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बादलीच्या कडेला जो पांढरा खरबरीत थर चढतो, तोच सीलवर आणि सील जिथं टेकतं त्या कडेवर चढतो. चकती मऊ असली तरी खाली खडबडीत झालं की पाण्याला वाट मिळते.

कॉक बंद, फ्लश, टाकी रिकामी. तळाशी उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. आता मनोरा दोन्ही हातांनी धरून डावीकडे पाव फेरा फिरवा आणि सरळ वर उचला. बहुतेक नव्या टाक्यांत तो असाच निघतो. निघत नसेल तर खाच किंवा चिमटा कुठे आहे ते बघा, ओढाताण नको. मनोऱ्याच्या बुडाशी सील दिसेल, पातळ गोल रिंग, काळी, लाल किंवा पांढरी. नखाने एका बाजूने उचकटून काढा.

इथं सावकाश बघा. नव्या सीलची कड सपाट आणि बोटाला रेशमासारखी लागते. जुन्या सीलवर गोल खाच पडलेली असते, जिथं ते वर्षभर दाबून बसलेलं असतं तिथं. बोटाला काळा रंग लागला तर रबर कुजलंय, ते धुण्यात अर्थ नाही. टाकीत टाकायच्या ज्या क्लोरीनवाल्या निळ्या वड्या मिळतात, त्यांनी रबर असंच लवकर जातं. मी त्या टाकणं बंद केलं.

सील बरं दिसत असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे, त्यात सील अर्धा तास बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. त्याच पाण्याने टाकीच्या तळाच्या भोकाची कडही घासा आणि शेवटी बोटाचं टोक त्या कडेवरून गोल फिरवा. कुठे खरखर लागली तर परत घासा. बहुतेक लोक सील बदलतात आणि ही कड तशीच सोडतात, मग नवं सीलही गळतं. बाजारात बाटलीतून मिळणारं संडास धुवायचं ॲसिड मात्र टाकीत अजिबात घालू नका. रबर आणि पितळेचे भाग दोन्ही खातं, आणि ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी वायू होतो.

बाजार बंद असेल तर सील उलटं करून बसवा. दोन्ही बाजू सपाट असतील तर महिना-दोन महिने भागतं. त्या रात्री पोरांच्या टाकीत आम्ही हेच केलं. दुसऱ्या दिवशी नवं सील आणायला जाताना जुनं सील खिशात घालून न्यायला सांगितलं. नुसता कंपनीचा फोटो दाखवून काम होत नाही. एकाच कंपनीचे चार आकार असतात, आणि दुकानदार "हे बसतंय की" म्हणून जवळचं काढून देतो. काउंटरवर जुन्यावर नवं ठेवून आतलं भोक आणि बाहेरची कड दोन्ही जुळवून घ्या. टेफलॉन टेपही तिथं गळ्यात मारतात. ती पाइपांच्या आट्यांना लागते, सीलला तिचा काही उपयोग नाही.

बसवताना सील पूर्ण सपाट बसलंय, कुठे पीळ नाही, हे बघा. मनोरा परत जागेवर, उजवीकडे पाव फेरा, हलत नाही ना ते तपासा. प्लास्टिकचे नट हाताने घट्ट करायचे, पाना लावून नाही.

हे सगळं केलं आणि झाकण लावल्यावर पाणी परत वाहायला लागलं, झाकण काढलं की थांबतं, असं झालं तर घाबरू नका. झाकणातल्या बटणाच्या दांड्या लांब झाल्या आहेत, त्या मनोऱ्याला सतत दाबून धरतात आणि सील पूर्ण बसत नाही. दांड्यांवरचे आटे फिरवून त्या आखूड करा, झाकण लावल्यावर बटण किंचित ढिलं लागायला हवं. हा दोष सापडायला मला दोन दिवस लागले होते, म्हणून वेगळा सांगतेय.

कधी हात लावायचा नाही

जुन्या टाकीला बाजूला हँडल असेल आणि आत घंटेसारखं उलटं भांडं असेल, तर तो सायफन. त्याला खाली असं सील नसतं. पाणी वाहत असेल तर आधी पातळी आणि फ्लोटच बघा. सायफनच्या आतला पडदा बदलायचा तर टाकी उतरवावी लागते, ते प्लंबरचं काम.

भिंतीच्या आत बसवलेली टाकी असेल तर समोरची बटणाची पट्टी काढून आतले भाग निघतात, पण जागा मनगटाएवढीच असते आणि एखादी क्लिप आत पडली तर भिंतीत हात घालून बसायची वेळ येते. पहिला धडा त्यावर गिरवू नका. टाकीलाच चीर दिसली, किंवा टाकी आणि कमोडच्या सांध्यातून बाहेर फरशीवर पाणी येत असेल, तरी प्लंबरच बोलवा. मात्र त्याला फोनवर "फ्लश बिघडलाय" एवढंच म्हणू नका. "निळीने बघितलं, सील गळतंय" किंवा "फ्लोट वर धरला तरी पाणी येतंय" असं सांगा. तो तो भाग घेऊनच येईल, आणि आख्खी टाकी बदलायचं बोलताना जरा विचार करेल.

शेवटी मार्कर घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला काय बदललं, कुठल्या आकाराचं आणि कुठल्या तारखेला, एवढं लिहून ठेवा. भाडेकरू बदलतात, प्लंबर बदलतात, झाकण तिथंच असतं. आमच्या झाकणाखाली तीन तारखा आहेत. खालच्या पोराने नवं सील बसवल्यावर त्याच्या झाकणाखाली तारीख लिहिली, सीलचा आकार लिहिला आणि खाली एक शब्द जास्त लिहिला, "स्वतः".